जाळीबाहेरचं सीतादही

आमच्या धंद्यात सगळ्यात अवघड काम जमीन मिळवण्याचं. सोलरच्या पाट्या ट्रकने येतात, बॅटऱ्यांचे डबे ट्रेलरवरून येतात, क्रेन ते उचलून जागेवर ठेवते. पण उपकेंद्राजवळचं, रस्त्यालगतचं सलग वावर हवं असेल तर कोणाच्या तरी ओसरीत बसून चहा पीत गोड बोलावं लागतं. देवळीकडच्या प्रकल्पात हे गोड बोलणं माझ्याकडे होतं, कारण मी तिथलाच. आणि नकाशात अगदी मधोमध येत होतं ते वावर माझ्या सख्ख्या काकूचं.

काका गेल्यापासून काकू एकटीच कापूस करत होती. चुलत भाऊ पुण्याला नोकरीत रमलेला. रानडुकरांना आणि वेचायला न मिळणाऱ्या मजुरांना ती कंटाळली होती, त्यामुळे भाडेपट्ट्यावर तिने फार ताणलं नाही. तिला कोडं पडलं होतं ते एवढंच, की पाट्या समजल्या, पण बॅटऱ्या कशाला. मी सांगितलं, ऊन दुपारी भरपूर, विजेची ओढ संध्याकाळी; म्हणून दुपारची वीज साठवायची आणि दिवेलागणीला सोडायची.

"म्हंजे कोठीच म्हन ना," काकू म्हणाली. "उनाची कोठी."

मला तो शब्द इतका आवडला की पुढे आसपासच्या गावांच्या बैठकांत मी तो खुशाल स्वतःचा म्हणून वापरला. लोक माना डोलवायचे.

सही करण्याआधी तिने एकच अट घातली. सीतादहीची. आमच्याकडे कापसाच्या पहिल्या वेचणीला वावरात पऱ्हाटीच्या झाडाखाली दगडाचे देव मांडतात, त्यांना हळद-कुंकू लावतात, दहीभात वावरात शिंपतात आणि मगच बोंडाला हात लावतात. आमच्या घरची रीत अशी की पहिला घास वावराच्या मालकाच्या हातावर द्यायचा. त्याने तो खाल्ला की मग बाया जेवतात. काका असताना ते ऐटीत हात पुढे करायचे आणि काकू मुद्दाम मोठा घास ठेवायची. काका गेल्यापासून तो घास ती स्वतःच घ्यायची.

"पीक कोनतंही असू दे," ती म्हणाली, "वर्षातून एक डाव मले आत येऊ देजो."

"तुहंच वावर हाय काकू. तुले कोन अडवते?"

मला तेव्हा खरंच तसं वाटत होतं.

काम उभं राहिलं, भोवती तारेची उंच जाळी लागली आणि बॅटऱ्या पहिल्यांदा भरण्याचा दिवस ठरला. आदल्या दिवशी मीच मोठ्या कौतुकाने काकूला फोन केला, की उद्या कोठी भरायला सुरुवात. दुसरं कोणी असतं तर "बरं झालं" म्हणून फोन ठेवला असता. पण कोठी भरायची म्हणजे पहिली वेचणी, आणि पहिली वेचणी म्हणजे सीतादही; आमच्या घरात दुसरा अर्थ निघूच शकत नव्हता. सकाळी ती शेजारच्या तीन बायांना घेऊन, दहीभाताचा गंज डोक्यावर धरून फाटकाशी हजर झाली.

नेमके त्याच दिवशी कंपनीचे दिल्लीचे साहेब लोक येणार होते. सुरक्षा बघणाऱ्या अधिकाऱ्याने मला बोलावून घेतलं. माणूस वाईट नव्हता. आत यायचं तर हेल्मेट, जाकीट आणि बूट हवेत, म्हणाला; आणि डब्यांजवळ दिवा नाही, पाणी नाही, अन्न तर मुळीच नाही. अन्नाला उंदीर येतात आणि उंदीर वायरी कुरतडतात. सगळं बरोबर होतं, हे नियम मीच मजुरांना घसा ताणून सांगत आलो होतो. आणि डबे उभे होते ते वावराच्या वरच्या कोपऱ्यात, जिथून दरवर्षी आमची वेचणी सुरू व्हायची.

तरी म्हटलं, निदान आत तर येऊ दे, देव कुठेतरी लांब मांडू. मी हेल्मेट आणलं. काकूने आधी डोक्यावर पदर घेतला आणि त्याच्यावर हेल्मेट चढवलं. बाया खुदुखुदु हसायला लागल्या.

"माहं लगीन लावून राह्यला का बापा?" काकू म्हणाली, आणि मीही हसलो.

मग बूट आले. एक तर ते पुरुषांच्या मापाचे. त्यात सीतादहीला काकू वावरात पायात काही घालत नाही, उभ्या जन्मात तिने घातलं नव्हतं.

"बूट नाई घालत मी," ती म्हणाली. या वेळी ती थट्टा करत नव्हती.

तेवढ्यात गाड्या आल्या. सगळ्यात मोठे साहेब उतरले, हेल्मेटातल्या अनवाणी म्हातारीकडे पाहून छान हसले आणि मला विचारलं, "ये माताजी कौन हैं?"

मी म्हणालो, "गाँव की हैं, सर."

खोटं काहीच नव्हतं त्यात. काकू गावचीच होती. माझी काकू आहे, हे वावर हिचं आहे, एवढं सांगायला किती वेळ लागला असता? पण पदरावर हेल्मेट चढवलेली, पायाला माती लागलेली, गंज धरून उभी असलेली ती माझी कोणी आहे, हे त्या क्षणी मला सांगवलं नाही. आमच्याकडे हिंदी कोणाला शिकवावी लागत नाही. बाजारात काकू निम्मी घासाघीस हिंदीतच करते. तिने ऐकलं. गंज एका बाईकडे देऊन दोन्ही हातांनी हेल्मेट काढलं, चौकीदाराच्या स्टुलावर नीट ठेवलं.

"चाला व बायाहो," म्हणाली.

त्या गेल्या आणि मला सुटल्यासारखं वाटलं. या सुटल्यासारखं वाटण्याचीच मला आज सगळ्यात जास्त लाज वाटते.

आत बटण दाबलं गेलं, टाळ्या झाल्या, पडद्यावरचे आकडे वर सरकायला लागले. लाडू वाटले. मी डब्यांच्या मागच्या बाजूला गेलो तर जाळीबाहेर, शेजाऱ्याच्या तुरीला लागून असलेल्या धुऱ्याच्या बांधावर चौघी बसलेल्या. पांदणीच्या वाटेने सगळा वळसा घालून त्या तिथे पोचल्या होत्या. देव मांडून झाले होते. काकू उभी राहून जाळीवरून आत दहीभात शिंपायला पाहत होती, पण जाळी उंच. शितं तारेलाच चिकटून राहत होती. मला पाहिल्यावर तिने हाताने बोलावलं. मी गेलो.

"धर," ती म्हणाली. जाळीच्या भोकातून मूठ जात नव्हती, म्हणून तिने घास बोटांच्या चिमटीत धरून आत घातला होता.

"काकू, मी मालक नाई. नोकरी करतो मी इथं."

"मंग मालक कोन हाय? बोलाव त्याले. बाया सकाळपासून उपाशी हायेत."

ती रागाने बोलली नाही. रागावली असती तर मला सोपं गेलं असतं. मी मागे वळून पाहिलं. डब्यांच्या मधल्या फटीतून साहेब लोक लाडू खात गाड्यांपाशी उभे दिसत होते. तेही माझ्यासारखेच पगारी. कंपनीचा खरा मालक मी इतक्या वर्षांत कधी पाहिला नव्हता. आणि बोलावायला गेलो असतो तर ती माझी कोण म्हणून सांगणार होतो?

मी हात पुढे केला आणि घास घेतला. साहेबांना दिसू नये म्हणून त्यांच्याकडे पाठ करून तो खाल्ला. पाठ का केली ते काकूला कळलं असणार, कारण तिचं तोंड त्यांच्याच बाजूला होतं. मी गिळेपर्यंत ती थांबली. मग बायांकडे वळून म्हणाली, "जेवा आता."