जयवंत मास्तरांचं विलायती खोगीर

मरोळच्या पुढे, आरेच्या झाडीला टेकून एक रायडिंग क्लब होता. पत्र्याचा तबेला, चार घोडे आणि शिकवायला जयवंत मास्तर, एवढाच पसारा. मास्तरांचे वडील कोकणातून गिरणीत आलेले. मास्तरांनी मात्र तरुणपणी एका गोऱ्या साहेबाच्या घोड्यांना खरारा करता करता घोड्यावर बसायची विद्या उचलली. देश सोडताना साहेब आपलं जुनं खोगीर त्यांना देऊन गेला, आणि तेव्हापासून मास्तर स्वतःला अर्धे विलायती समजू लागले.

दर रविवारी ते खोगिराला तेल चोळत. बायकोच्या, रुक्मिणीबाईंच्या, डोक्याला इतकं तेल कधी लाभलं नाही. खोगीर होतं मात्र सडपातळ, उंच घोड्याच्या मापाचं. क्लबची घोडी गौरी पाठीला चांगली रुंद. तिच्यावर ते बसत नसे, चिमटा काढून लटकत असे. मास्तर पोटाखालून तंगाचा पट्टा आवळायला लागले की गौरी कान पाडून चावायला धावे.

"मस्ती आलीय तिला," असं म्हणून मास्तर पट्टा आणखी एक भोक वर घेत.

बँकेत नोकरी करणारी अनुपमा सकाळी शिकायला येई. एकदा तिनं गौरीच्या पाठीवर हात ठेवला, तर घोडी थरथरली. "मास्तर, सूज आहे इथे. खोगीर टोचतंय तिला."

"अगं, तू जन्मली नव्हतीस तेव्हापासून चालतंय हे खोगीर! त्याला नावं ठेवू नकोस, आधी नीट बसायला शिक."

आठवडाभरात गौरीनं खुद्द मास्तरांनाच चिखलात आपटलं, तेही क्लबचे सेक्रेटरी श्यामसुंदर चहाचा कप घेऊन समोर उभे असताना. मास्तरांनी उठायच्या आधीच निकाल दिला, "येडी आहे ही घोडी. काढून टाका." कमिटीला खोगिरातलं काही कळत नव्हतं, आणि घोड्यातलं त्याहून कमी. गौरी विकली गेली. मग सुलतान आला. पाऊस संपायच्या आत तोही येडा ठरला.

सुलताननं पाडलं त्या दिवशी रुक्मिणीबाई नवऱ्याच्या कमरेला बाम चोळत म्हणाल्या, "तुमच्या क्लबात येईल तो घोडा येडाच कसा हो निघतो? शेजारणीच्या मापाचं ब्लाउज मला घालून बघा, मी पण लाथा झाडीन."

"तुला काय कळतंय त्यातलं?" मास्तर उशीत तोंड खुपसून म्हणाले.

हिवाळ्यात घाटकोपरला पुतण्याचं लग्न निघालं. वरातीत मास्तर फेटा बांधून पुढे. ताशे तडतडत होते, कानाशी फटाक्यांची माळ फुटत होती, पाठीवर भरभक्कम नवरदेव. पण झुलीगोंड्यांनी झाकलेली घोडी देवळात आल्यासारखी शांत. हॉलच्या दाराशी नवरदेव उतरला. घोडीवाल्यानं पाठीवरची गादी सैल करून मागे सरकवली, आणि मास्तरांच्या घशात पान अडकलं. गौरीच होती ती! खांद्यामागे दोन्ही बाजूंना पांढऱ्या केसांचे ठिपके, जखम भरल्यावर उगवतात तसे. नेमके विलायती खोगीर टेकायचं तिथे.

मास्तरांना सगळं कळलं. त्यांनी तिच्या मानेवर हात ठेवला, तशी इतका वेळ फटाक्यांत न हललेली गौरी कान पाडून बाजूला सरकली.

तेवढ्यात मुलीकडचा एक पाहुणा म्हणाला, "काय गरीब घोडी आहे हो!"

मास्तरांनी फेटा सावरला. "असणारच. माझ्या हाताखाली तयार झालीय."

सोमवारी मात्र ते कमिटीपुढे उभे राहिले. "असलं मोलाचं खोगीर रोज वापरून त्याची वाट लावायची का? काचेच्या कपाटात ठेवा."

कमिटीला हे फार पटलं. नव्या घोड्यासाठी, मोत्यासाठी, साधं देशी खोगीर करून घेतलं. पाठीचं माप अनुपमानं घेतलं. मास्तर तेव्हा कपाटाची काच पुसत होते. मोत्या कुणालाच पाडेना. श्यामसुंदरांनी त्याचं श्रेय मास्तरांच्या शिस्तीला दिलं आणि वार्षिक समारंभात त्यांना शाल-श्रीफळ मिळालं.

"घोड्याचं दुखणं ओळखायला," मास्तर भाषणात म्हणाले, "अख्खं आयुष्य घालवावं लागतं."

पहिल्या रांगेत रुक्मिणीबाईंनी पदर तोंडाला लावला. लोकांना वाटलं, बाईंना भरून आलं.