एका कपाटाच्या दोन पावत्या

बारा मार्चला लोखंडी कपाट धाकट्या बहिणीकडे पाठवलं, त्याला चारशे सतरा रुपये लागले. वाहतूक खात्यातल्या आकडेवाल्या बाईंनी पैसे मोजले आणि कपाट डोक्यातून काढून टाकलं. तिथे आधीच दुसरं ओझं होतं.

कोणता माल कुठून निघतो, वाटेत कशाकशात चढतो-उतरतो आणि कुठे पोचतो, याची संगणकावरची नोंद त्यांनी दोन वर्षं खपून उभी केली होती. रस्ता वाढवायचा की रेल्वे, हे समिती त्यावरून ठरवणार होती. पण बेरीज केली तर कारखान्यांनी केलं त्याच्या तिप्पट सिमेंट रस्त्यांवर आणि रुळांवर धावत होतं! शुक्रवारपर्यंत आकडे जुळले नाहीत तर काम बंद आणि बाई पुन्हा परवान्यांच्या खिडकीवर, असं साहेब हसत हसत म्हणाले होते. हसणं वरवरचं होतं, खिडकी खरी होती.

घोळ बाईंना कळत होता. एकच पोतं ट्रक, रेल्वे, पुन्हा ट्रक असं तीनदा मोजलं जात होतं. पण गोदामात माल उतरला की नव्या नंबरची पावती फाटायची. मागचं पोतं ओळखायचं कसं?

बुधवारी जेवताना नवऱ्याने खर्चाचे कागद चाळले. "अगं, कपाटं दोन दिलीस की काय? टेम्पोच्या पावतीवर एक, रेल्वेच्या पावतीवर एक!"

"एकच हो! तुम्ही तरी माझ्या जखमेवर मीठ चोळू नका."

तेवढ्यात धाकटीचा फोन आला. "ताई, कपाट पोचलं गं. स्टेशनात तशीच सहा उभी होती! टेम्पोवाल्याने दाराला नंबर चिकटवला होता ना, त्याच्याच खाली रेल्वेचा. म्हणून यांना सापडलं आणि हातगाडीवरून घरी आलं. नाहीतर कुणाचं तरी उचलून आणलं असतं!"

बाईंच्या हातातला घास हातातच राहिला. गोदामवालेही तसाच नव्या पावतीच्या कोपऱ्यात जुना नंबर खरडतात. तो कोपरा 'अनावश्यक' म्हणून नोंदीतून वगळायला त्यांनी स्वतःच सांगितलं होतं!

गुरुवारी सगळा विभाग सिमेंटच्या पावत्यांचे कोपरे वाचत बसला. "बाई, चष्म्याचा नंबर वाढला तर खर्च खातं देणार का?" टंकलेखकाने विचारलं. संध्याकाळपर्यंत पोत्यांना आपापले मागचे-पुढचे नातेवाईक सापडले आणि बेरीज कारखान्यांच्या आकड्याला येऊन टेकली.

शुक्रवारी समितीचे अध्यक्ष म्हणाले, "म्हणजे सगळा माल पकडलात?"

मान डोलावली असती तर निभावून गेलं असतं. बाई म्हणाल्या, "नाही साहेब. हातगाडीवरच्या मालाची पावतीच नसते. माझं स्वतःचं कपाट माझ्या नोंदीत स्टेशनातच उभं आहे."

अध्यक्ष खळखळून हसले. "मग ते घरी पोचवा. काम चालू ठेवा, आणि हातगाड्याही मोजा."

बाईंनी त्याच संध्याकाळी धाकटीला फोन करून पहिली हातगाडी मोजली. हातगाडीचे पस्तीस रुपये धाकटीच्या नवऱ्याने दिले होते. ते अजून त्याला द्यायचे आहेत.