प्रायमरचा खुराक आणि शेडताई

बस डेपोत तिला नावाने हाक मारणारं आता कोणी उरलेलं नाही. शिपायापासून साहेबापर्यंत सगळ्यांची ती शेडताई. बसला पोचा आला, पत्रा ठोकला, नवा तुकडा बसवला की त्यावरचा रंग तिने जुळवायचा. नवा डबा उघडून फासायला काय, कोणीही फासेल. पण आठ वर्षं उन्हात भाजलेल्या निळ्याशेजारी शोभेल असा निळा तयार करायचा तर डब्यात थेंबथेंब पांढरा, कणभर काळा, किंचित पिवळा पडावा लागतो. शेडताई हे सगळं बोटाने करते. बोट बुडवायचं, पत्र्यावर ओढायचं, वाळू द्यायचं आणि डोळे बारीक करून बघायचं. साहेब छापील शेडकार्ड घेऊन येतात आणि गपचूप तिच्या बोटाकडे बघत उभे राहतात.

अशा बाईवर लिहितोय म्हटल्यावर एकाने विचारलंच, "त्यात लिहिण्यासारखं काय आहे?" ज्याला पुढाऱ्यांच्या आरत्या वाचायच्या आहेत त्याने खुशाल वाचाव्यात. मी शेडताईच्या बोक्याची गोष्ट सांगणार आहे.

शेडताईने लग्न केलं नाही. भाऊ आणि वहिनीच्या घरी ती राहते. घर कसलं, दोन खोल्या आणि एक चिंचोळं स्वयंपाकघर. भाऊ ट्रकवर असतो, महिन्यातून चार दिवस घरी. म्हणजे घरात माणसं दोनच, आणि तिसरा बोका. नऊ वर्षांपूर्वी तो भंगारातल्या एका बसच्या सीटखाली सापडला. रंगाच्या आधी पत्र्याला करडा प्रायमर मारतात, अगदी तसा अंगाचा रंग, म्हणून नाव प्रायमर. तो शेडताईच्या उशाशी झोपतो. तिच्याशी भांडायला डेपो आहे, बोलायला वहिनी आहे, पण गप्प बसायला तिच्याकडे हा एकच.

यंदा प्रायमर खाल्लेलं उलटून टाकायला लागला. पाकिटातलं कोरडं खाणं पोटात ठरेना. चार किलोंचा बोका तीन किलो शंभर ग्रॅमवर आला आणि पाठीचा कणा हाताला मोजता यायला लागला. जनावरांच्या डॉक्टरीणबाईंनी रक्त तपासलं, पोट दाबून बघितलं आणि म्हणाल्या, "आतडं सुजलंय. हे खाणं त्याला मानवत नाहीये. कच्चं मांस देऊन बघू. पण एकदम नाही. आज जुन्या खाण्यात चमचाभर, चार दिवसांनी दोन. आधी फ्रीजरमध्ये पक्कं गोठवायचं, सुरी आणि पाट वेगळा. नुसत्या मांसावर भागत नाही, म्हणून ही पूड त्यात रोज मिसळायची. आणि काही झालं तरी उपाशी ठेवायचं नाही. भूक लागली की खाईल, हे मांजराला लागू नाही. दोन दिवस पोट रिकामं राहिलं की यकृत बिघडतं."

"आणि नाही खाल्लं तर?"

"तीन किलोच्या खाली गेला तर माझ्या हातात फारसं काही उरणार नाही."

शेडताईने मान डोलावली. "जुन्यात नवं मिसळायचं, समोरच्याला कळू न देता. बाई, तीस वर्षं हेच करतेय मी."

खाटकाने विचारलं, "ताई, पाव किलो कोंबडी, तीही बारीक करून, आणि एवढीशी कलेजी? कोणाचं पथ्य?"

"बोक्याचं."

"नशीब काढलंय त्याने. मला घरी कोणी विचारत नाही काय खाणार म्हणून."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी घरी वहिनीने फ्रीज उघडला आणि तशीच मागे सरकली. वहिनी अंडं फोडतानासुद्धा तोंड फिरवते. "ताई, ठेवा तुम्ही, माझं काही म्हणणं नाही. पण डब्यावर लिहा तरी! सकाळी बर्फ समजून हात घातला मी. दिवसभर पाण्याचा घोट उतरला नाही घशाखाली."

पहिला दिवस रविवार होता. शेडताईने कोरडं खाणं भिजवलं, चमचाभर मांस घातलं आणि खिडकीशी उजेडात बसून बोटांनी इतकं एकजीव केलं की रंगात तसूभर फरक दिसेना. प्रायमरने ताटली चाटूनपुसून साफ केली. शेडताईने भिंतीवरच्या कॅलेंडरवर टिक मारली आणि वहिनीकडे असं बघितलं, जशी अख्खी बस रंगवून आलीय.

सोमवारी प्रायमरने ताटली हुंगली, दोन पावलं मागे गेला आणि घाण झाकावी तसा पंजाने फरशी खरवडू लागला.

"माजलाय," शेडताई म्हणाली. मंगळवारी तेच. उपाशी ठेवायचं नाही म्हणून तिने पाकिटातलं कोरडं ओतलं. ते त्याने खाल्लं आणि अर्ध्या तासात दारात ओकला. मग शेडताई हट्टाला पेटली. मांस कमी केलं, बारीक वाटलं, ओलं असतानाचा आणि सुकल्यावरचा रंग ताडून बघितला. डेपोत दुपारच्या सुट्टीतही तिच्या तोंडी हेच. "काल जरा तांबूस झालं होतं. आज फिकं करते." आम्ही डेपोतले सगळे हसलो. हसायला नको होतं, पण हसलो.

पुढच्या दोन्ही रविवारी प्रायमर पुन्हा जेवला. मधले सगळे दिवस नाही, पाकिटातलं कोरडं तेवढं खायचा आणि बरंचसं ओकायचा. काट्यावर तीन किलो तीस ग्रॅम.

त्या संध्याकाळी वहिनी बराच वेळ कॅलेंडरसमोर उभी होती. मग म्हणाली, "ताई, रागावणार नसाल तर एक बोलू?"

"बोल."

"हा फक्त तुमच्या सुट्टीच्या दिवशी खातो."

"मग?"

"मग काय... तुमच्या हाताला वास येतो. थिनरचा."

"साबणाने धुते मी. दोनदा."

"धुता हो. तरी येतो. रविवारपर्यंत जरा उतरतो, सोमवारी पुन्हा आहेच. मी या घरात नवी आले ना, तेव्हा तुम्ही वाढलेलं जेवण मला गिळेना. मग सवय झाली."

"बारा वर्षं झाली त्याला! आज सांगतेस?"

"सांगून काय करणार होते? हात बदलून आणला असतात?"

शेडताईने दोन्ही हात नाकाशी धरले. जोरात श्वास घेतला. पुन्हा घेतला. तिला कसलाच वास आला नाही.

डेपोत हातावरचा रंग काढायला थिनर देतात, बादलीभर देतात. हातमोजे द्या म्हणून तीन अर्ज गेले, तिन्हींवर शेरा पडला, 'पुढील वर्षी विचार करू'. ते पुढील वर्ष कुठे मेलं कोणास ठाऊक. बाईचं नाक गेलं आणि ते तिला एका बोक्याने सांगितलं. याच्यावर आणखी लिहायला बसलो तर हात आवरणार नाही, म्हणून इथेच थांबतो.

डॉक्टरीणबाई फोनवर कडाडल्या. थिनरचा अंशसुद्धा त्याच्या पोटात जाता कामा नये. शेडताईने रबरी मोजे घालून पाहिले, बोक्याने रबराला नाक मुरडलं. लांब चमचा घेऊन पाहिला. पण एव्हाना त्याचा तिच्यावरचाच विश्वास उडाला होता. ती ताटली घेऊन आली की तो कपाटाखाली.

शेडताईने आयुष्यात कोणाला 'माझं काम तू कर' म्हटलं नव्हतं. मोठ्या साहेबालाही नाही. स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी ती उभी राहिली, पदराला हात पुसले, पुन्हा पुसले.

"तू कालवशील?"

वहिनी भांडी घासायची थांबली. "मी? ते कच्चं?"

"माझ्या हातचं तो खाणार नाही."

 वहिनीने नळ बंद केला, बांगड्या वर सारल्या, ओढणी नाकावरून घट्ट बांधली. "तुम्ही बाहेर बसा. आत आलात तर सगळं मुसळ केरात."

बाहेरच्या खोलीतून शेडताईचं चालूच. "पूड विसरू नकोस. दाबून नाही, अलगद. रंग कसा दिसतोय?"

"रंगाचं काय घेऊन बसलात! डॉक्टरबाईंनी सांगितलंय, वाटी कोमट पाण्यात ठेवा, वास सुटला पाहिजे." मग एक अस्सल "ईऽ!" त्यानंतर ताटली फरशीवर टेकल्याचा आवाज. मग हळू आवाजात, "ताई... खातोय. येऊ नका, खातोय."

शेडताई आली नाही. भिंतीला टेकून बसून तिने ताटलीवर घासणाऱ्या जिभेचा आवाज शेवटपर्यंत ऐकला.

सहा आठवड्यांनी दोघी बोक्याला घेऊन दवाखान्यात गेल्या. तीन किलो चारशे. उलटी नाही, कणा झाकलेला. डॉक्टरीणबाईंनी कार्डावर लिहिता लिहिता विचारलं, "खाणं कोण देतं याला?"

शेडताईने घसा खाकरला. "ही. वहिनी."

"शाब्बास. काही विचारायचंय?"

शेडताईने तोंड उघडलं, पण वहिनी टेबलावर वाकलीसुद्धा. "कलेजी अर्धा चमचा वाढवू का? तो खाटीक हल्ली शिळी देतो, मी झापलंय त्याला परवा. आणि हा कलेजीकडेच आधी वळतो."

"इतक्यात नको. आणखी पंधरा दिवसांनी."

"बरं," वहिनी म्हणाली आणि शेडताईला खूण केली. शेडताईने टोपली उचलून धरली, वहिनीने बोका आत ठेवला.