रघूला धून संपवता येत नसे

आमच्या घरात तापट मी आणि शांत रघू. मी कौन्सिलच्या हाउसिंग डिपार्टमेंटमध्ये काम करते, दिवसभर लोकांचं ओरडणं ऐकते आणि घरी येऊन स्वतः ओरडते. रघू, म्हणजे माझा नवरा रघुवीर, माझं ओरडून होईपर्यंत गिटारच्या तारा पुसत बसतो. इथे इंग्लंडात, ब्रॅकनेलमधला पुण्याचा माणूस म्हटला की तो सॉफ्टवेअरमध्येच असणार, असं सगळे धरून चालतात. तो होताही. आता तो ब्लूग्रास गिटार वाजवतो, शिकवतो, आमचं निम्मं घर त्यावर चालतं. हे सांगितलं की आपली माणसं आधी माझ्याकडे दयेने बघतात. मला त्या बघण्याचा भयंकर राग येतो.

ब्लूग्रास म्हणजे काय ते सांगूनच टाकते, कारण मला स्वतःला ते कळायला बराच वेळ लागला. हे मुळात अमेरिकेतल्या डोंगराळ भागातलं संगीत. बॅन्जो, फिडल म्हणजे आपलं व्हायोलिनच, मँडोलिन, गिटार आणि माणसाएवढा उंच बेस. ड्रम नाही की माइक नाही. सगळे खुर्च्या गोल मांडून एकमेकांकडे तोंड करून बसतात, ऐकणाऱ्यांकडे पाठ झाली तरी त्यांना काही वाटत नाही. एकजण धून काढतो, आपलं वाजवून झालं की दुसऱ्याकडे बघून मान हलवतो, मग तो वाजवतो, मग तिसरा. अशी ती धून गोल फिरत राहते.

रघूला हे सापडलं ते मतदानामुळे. आम्ही इथे नवीन होतो, कॉमनवेल्थवाल्यांना इथल्या नागरिकत्वाशिवाय मत देता येतं याचंच आम्हाला अप्रूप. गुरुवार होता, आमचं पोलिंग स्टेशन गावाबाहेरच्या जुन्या हॉलमध्ये. तिथली दर गुरुवारची ब्लूग्रासची बैठक त्या दिवशी मागच्या खोलीत ढकलली होती. रघूने मत दिलं आणि आवाजाच्या दिशेने निघून गेला. मी बाहेर भुरभुर पावसात उभी राहून फोन लावतेय, हा उचलेना. शेवटी आत जाऊन बघते, तर साहेब दाराला टेकून डोळे मिटून उभे. पुण्याला कॉलेजात गिटार वाजवायचा, पण असा चेहरा मी त्याचा कधी पाहिला नव्हता. लग्नातसुद्धा नाही, हे मी त्याला अजून ऐकवते.

त्या बैठकीचे मुख्य होते डेरेक. सत्तरीच्या पुढचे, आयुष्यभर छपरांची कामं केलेले, हात जाडजूड, आणि त्या हातांत ते इवलंसं मँडोलिन. त्यांनी रघूला शिकवायला घेतलं. शनिवारी सकाळी त्यांच्या किचनमध्ये, चहाच्या किटलीशेजारी बसून. तारा छेडायच्या त्या छोट्या चकतीने, पिकने, एकेक सूर सुटा, स्वच्छ कसा काढायचा, वेगात असतानाही घाई कशी करायची नाही, सगळं. रघू तोंडावर त्यांना सगळ्यांसारखं नुसतं ‘डेरेक’ म्हणायचा, पण घरी बोलताना ‘ते’. ‘ते म्हणाले’, ‘त्यांना विचारतो’. मी पण मग तसंच म्हणायला लागले.

आता मुद्द्याची गोष्ट. ब्लूग्रासच्या बैठकीत धून संपवायची एक रीत आहे. हात वाद्यावर गुंतलेले, तोंड गाण्यात, तेव्हा ज्याने धून काढली त्याने शेवटच्या फेरीला आपला एक पाय समोर उचलायचा. पाय वर दिसला की सगळ्यांना कळतं, आणि सगळे एकदम थांबतात. तो पाय धून काढणाऱ्यानेच उचलायचा, दुसऱ्याने उचलणं म्हणजे आगाऊपणा.

आणि आमच्या रघूला तो पाय उचलता येईना. समोर डेरेक बसलेले. वयाने वडिलांसारखे, त्यात शिकवणारे, मांडीवर वाद्य. त्यांच्याकडे बुटाचा तळ करायचा कसा? पहिल्यांदा त्याने बिचाऱ्याने प्रयत्न केला, तर बुटाचं टोक डेरेकच्या पायाशी ठेवलेल्या मँडोलिनच्या पेटीला लागलं. झालं. याने वाजवणं अर्ध्यात सोडलं, वाकून पेटीला हात लावला, हात कपाळाला नेला. सगळी बैठक बघतच राहिली. पुढच्या गुरुवारी बॅन्जोवाल्या कीथने धून संपवून अगदी गंभीरपणे वाकून पेटीला हात लावला आणि कपाळाला नेला. त्याला वाटलं, पुण्याकडे धून अशी संपवत असतील. मी हसू दाबायला बाहेर पळाले.

मी रघूला झापलं. म्हटलं, अरे, ती त्यांची रीत आहे, अपमान नाहीये. तो म्हणाला, ‘मला कळतंय गं. पायाला कळत नाहीये.’

मग असं व्हायला लागलं की रघूने धून काढली की ती संपायचीच नाही. पाय जरासा हलायचा, परत जमिनीला टेकायचा, आणि धून आणखी एका फेरीला निघायची. मी त्याला घ्यायला जायचे आणि हॉलच्या मागच्या बाकावर बसायचे, आधी घड्याळाकडे बघत, मग बघणं सोडून. काचांवर वाफ धरलेली, बाहेर उन्हाळ्यातला तो इथला लांबलचक संधिप्रकाश, ना ऊन ना अंधार. तीच धून फिरून यायची, पण दर वेळी थोडी वेगळी, फिडलकडून गेली तर ओलसर, बॅन्जोकडून गेली तर हसरी. ऐकता ऐकता मी कुठल्या कुठे जायचे. वडील आरशासमोर दाढी करताना स्वतःशीच बोलायचे ते दिसायचं. शाळेतली एक मैत्रीण, जिचं नावही मला आठवत नव्हतं, ती शेजारी येऊन बसल्यासारखी वाटायची. ऑफिसातली भांडणं अंगावरून गळून पडायची. मी रागीट बाई आहे, पण त्या बाकावर मला कधी राग आला नाही. ती धून सुरू कधी झाली ते आठवायचं नाही आणि ती संपावी असंही वाटायचं नाही.

शेवटी कधीतरी डेरेक हसायचे आणि स्वतःचा पाय वर करायचे. आगाऊपणाच खरा, पण त्यांना कोण बोलणार? धून संपायची, आणि आम्ही सगळे झोपेतून उठल्यासारखे एकमेकांकडे बघायचो. तसं ते ठरूनच गेलं. रघूने सुरू करायची, डेरेकने संपवायची.

त्या न संपणाऱ्या धुनांनीच रघूचं नाव झालं म्हणा. उन्हाळ्यात इथे शेतांमध्ये ब्लूग्रासचे मेळे भरतात, तंबू, कॅम्परव्हॅन, कुंपणापलीकडे मेंढ्या. तिथे लोक रघूच्या गोलात येऊन बसायला लागले. सकाळी गवतावर धुकं असायचं, वेगवेगळ्या तंबूंतून वेगवेगळ्या धुना यायच्या आणि मधल्या मोकळ्या जागेत मिसळायच्या, आणि त्यातून रघूची गिटार मला बरोबर ओळखू यायची. ऑफिसने त्याला निवडायला लावलं, तेव्हा त्याने गिटार निवडली. मी दोन दिवस बोलले नाही. तिसऱ्या दिवशी म्हटलं, जा, वाजव, पण रिकामा डबा घासायला टाकत जा.

डेरेक नसले की मात्र पंचाईत. लंडनमधल्या ईलिंगच्या गणेशोत्सवात त्याला एकट्याला वाजवायला बोलावलं होतं. हा सुरू झाला तो थांबेचना. लोकांनी टाळ्या वाजवून पाहिल्या. आरती खोळंबली. शेवटी मंडळाचे उदयकाका ताट घेऊन उठले आणि त्यांनी आरती सुरूच करून टाकली. परत येताना गाडीत मी त्याला फाडून खाल्लं. तो एवढंच म्हणाला, ‘समोर ते नव्हते ना, मग थांबायचं कसं तेच कळेना.’

दोन वर्षांपूर्वीच्या हिवाळ्यात डेरेकना स्ट्रोक आला. उजवी बाजू गेली, बोलणं अर्धं राहिलं. त्यांची मुलगी लिंडा त्यांना नॉटिंगहॅमला आपल्याजवळ घेऊन गेली, आणि जानेवारीत तिथल्या हॉस्पिसमध्ये, शेवटचे दिवस असलेल्यांना ठेवतात तिथे, हलवलं. रघू दर आठवड्याला ट्रेनने जायचा. एकदा आला तो पांढराफटक चेहरा घेऊन. डेरेकनी त्याला सांगितलं होतं, गुरुवारची बैठक आता तू चालव. आणि त्याआधी एकदा माझ्यासमोर एक धून पूर्ण कर. तू काढ, तूच संपव. ते बघितलं की मी सुटलो.

‘मग कर की,’ मी म्हटलं.

‘त्यांच्यासमोर? आता? ते असे पडलेले असताना मी त्यांच्याकडे पाय करू?’

त्याला जेवण जाईना. मी म्हटलं, चल, सराव करू. मी खुर्ची घेऊन त्याच्यासमोर बसले, मांडीवर पोळपाट, मँडोलिन म्हणून. रघूने धून काढली, आणि वेळ आली तेव्हा पाय झटकन वर. मी बघतच राहिले. म्हटलं, वा, म्हणजे बायकोकडे पाय केलेला चालतो. कितीतरी दिवसांनी तो हसला, आणि हसता हसता त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. म्हणाला, ‘सुचू, नुसता पायाचा प्रश्न नाहीये गं. मी संपवली की ते जातील.’ मी मांडीवरचा पोळपाट बाजूला ठेवला.

एका रविवारी दुपारी आम्ही सगळे नॉटिंगहॅमला गेलो. कीथ, फिडलवाली मॉरीन, बेस व्हॅनमध्ये मागपासून पुढपर्यंत आडवा घातलेला. हॉस्पिसच्या मागे काचेची खोली होती, तिथे डेरेकना चाकाच्या खुर्चीत आणून बसवलं. खुर्चीवर ब्लँकेट, पायात लोकरी मोजे. बाहेर बर्फ पडेल न पडेल असं आभाळ. आम्ही गोल केला, डेरेकही त्यात होते, मँडोलिन लिंडाच्या मांडीवर.

रघूने धून काढली. डेरेकची आवडती, नदीच्या वळणाची एक संथ धून, त्यांनीच शनिवारी किचनमध्ये शिकवलेली. फिरली. मॉरीनकडे गेली, कीथकडे गेली, परत रघूकडे आली. डेरेक डोळे मिटून ऐकत होते, डाव्या हाताची बोटं ब्लँकेटवर हलत होती. परत एक फेरी. परत एक. खोलीत ऊब होती, काचा धुरकट झाल्या, एक नर्स दारात येऊन उभी राहिली ती काम विसरून तिथेच थांबली. मीही गुंगले, खोटं कशाला सांगू. मग डेरेकनी डोळे उघडले आणि रघूकडे बघितलं. वाट बघत राहिले.

रघूच्या बुटाकडे मी बघत होते. टाच उचलली गेली आणि टेकली. आणखी एक फेरी गेली. परत टेकली. डेरेकच्या चेहऱ्यावर थकवा दिसायला लागला, मान कलायला लागली. लिंडाने माझ्याकडे बघितलं. मला रघूच्या पाठीत धपाटा घालावासा वाटला आणि त्याच वेळी त्याला कुशीत घ्यावंसं वाटलं.

मग रघूने वाजवणं थांबवलं. बाकीच्यांना मानेनेच सांगितलं, तुम्ही चालू ठेवा. गिटार खुर्चीवर ठेवून तो डेरेकच्या समोर गेला आणि जमिनीवर बसला. आपण मोठ्यांसमोर वाकतो तसा वाकला, कपाळ त्यांच्या मोज्यांना टेकवलं. आणि मग दोन्ही हातांनी त्यांची निर्जीव उजवी टाच धरून तो पाय हळूच वर उचलला.

सगळ्यांनी पाय पाहिला. सगळे एकदम थांबले.

डेरेक त्यांच्या अर्ध्या तोंडाने म्हणाले, ‘ही चीटिंग आहे, पोरा.’ पण हसत होते. पाय खाली ठेव असं काही ते म्हणाले नाहीत, आणि रघूही कितीतरी वेळ ठेवेना.

फेब्रुवारीत ते गेले. अंत्यसंस्काराला रघूने वाजवलं नाही, त्याच्याने होईना, आणि कोणी आग्रहही केला नाही.

त्यानंतरच्या गुरुवारी हॉलमध्ये खुर्च्या मांडल्या. डेरेक बसायचे ती रघूसमोरची जागा कोणी भरली नाही. कीथ रघूला म्हणाला, ‘काढ तू.’ रघूने तीच धून काढली. मी माझ्या बाकावर नीट टेकून बसले, आता हे लांबणार म्हणून. एकेकाची पाळी झाली. पहिलीच फेरी पुरी होत होती, आणि रघूचा पाय वर गेला. सरळ, समोर. सगळे एका ठेक्यावर थांबले.

कीथने त्याच्या पाठीवर थाप मारली. मॉरीन म्हणाली, ‘जमलं की रे.’ मला त्या पायाचा इतका संताप आला की काय सांगू. एवढी वर्षं अडला, आणि आज हा असा सहज?

मी उठून रघूजवळ गेले. तो अजून पाय तसाच वर धरून बसला होता.

‘सुचू,’ तो म्हणाला, ‘समोर कोणीच नव्हतं गं.’