आत्यांचं प्रभुभोजन

लग्न होऊन मी रहिमतपूरला आले, तेव्हा सासरे तिथल्या लहानशा ख्रिस्ती मंडळीचे पाळक होते. मी त्यांना मामा म्हणायचे आणि सासूबाईंना आत्या. महिन्याच्या पहिल्या रविवारी उपासनेत प्रभुभोजन असे, म्हणजे येशूच्या आठवणीसाठी सगळ्यांनी भाकरीचा तुकडा आणि घोटभर द्राक्षारस घ्यायचा. आदल्या दिवशी आत्या काचेचे इवलेसे प्याले उकळत्या पाण्यातून काढायच्या. मामांचा शुद्धतेवर फार भर. बायबलच्या जुन्या करारातले याजक, म्हणजे पुरोहित, वेदीजवळ जाण्याआधी पितळी गंगाळात हातपाय धूत, हे ते प्रवचनात डोळ्यांसमोर उभं करत. त्यातल्याच लेवीय नावाच्या पुस्तकातले नियमही वाचून दाखवत. अंगावरून जात असलेल्या बाईनं पवित्र वस्तूला शिवू नये, हेही त्यात यायचं.

त्या वर्षी उन्हाळ्यात आत्या मला म्हणाल्या, "या बारीला प्यालं तूच धू." पुढच्या महिन्यातही तेच. उपासनेत त्या मागच्या बाकावर जाऊन बसल्या आणि भाकरीचं ताट समोर आलं तसं पुढं सरकवलं. बायका वळून बघू लागल्या. मनात अढी असलेल्यानं प्रभुभोजन घेऊ नये असा आमच्यात रिवाज. मग पाळकांच्याच घरात कुणाची कुणाशी अढी आहे, यावर कुजबुज सुरू झाली. बहुतेकींच्या मते ती माझ्याशी होती.

मंडळीतल्या एका वडीलधाऱ्यानं शेवटी मामांना विचारलं. मामा घरी आले ते तापूनच.

"कुणाबद्दल काय आहे तुझ्या मनात? माझ्याबद्दल आहे का?"

"कुणाबद्दल काय न्हाई," आत्या म्हणाल्या आणि चुलीपुढून उठल्या नाहीत.

काही दिवसांनी पाण्याची कळशी उतरवताना त्या मोरीतच खाली बसल्या. मी धावले. लुगडं भिजलं होतं, आणि ते पाणी नव्हतं. चेहरा पांढराफटक.

"कवापासनं, आत्या?"

"आंबं आलं तवापासनं. थांबतच न्हाई गं."

"मग सांगितलं का नाही?"

"काय सांगायचं? अशा अंगानं ताटाला हात लावू व्हय?"

"ते जुनं झालं, आत्या. आपल्याला लागू नाही."

"मग वाचत्यात कशाला?" त्यांनी विचारलं.

नवरा नोकरीवर पुण्याला. सुनेनं सासऱ्याशी असलं बोलायचं कसं? तरी मी दाराआड उभी राहून मामांना सगळं सांगितलं. ऐकून ते उठले. मग पायांत वहाणा घातल्या आणि स्टेशनवर गाडीची वेळ विचारायला गेले.

मिरजेच्या दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी तपासलं. गर्भाशयाच्या तोंडाशी गाठ होती आणि ऑपरेशनची वेळ निघून गेली होती. "इतके दिवस काय करत होतात?" त्यांनी मामांना विचारलं.

पुढल्या रविवारी ते रुमालात भाकरी आणि छोट्या बाटलीत द्राक्षारस घेऊन वॉर्डात आले. आत्यांनी तोंड फिरवलं.

"अगं, शुभवर्तमानातली ती बारा वर्षं अंगावरून जात असलेली बाई! तिनं प्रभूच्या वस्त्राला हात लावला, तो रागावला का?"

"तिचं हात लावल्या लावल्या थांबलं," आत्या म्हणाल्या. "माझं कुठं थांबलंय?"

मामांनी रुमाल पुन्हा बांधला. त्या दिवसापासून ते मंडळीला प्रभुभोजन द्यायचे, पण स्वतः घेत नसत. पाळकच घेत नाही म्हटल्यावर लोक चपापले. वडीलधारे चिडले. एकानं तर मामांना पाळकपण सोडायला सांगितलं. आत्यांना घरी आणल्यावर त्यांना हे माझ्या तोंडून कळलं, तेव्हा त्या अंथरुणावर उठून बसल्या आणि त्यांनी मामांना हाक मारली.

"लोकांनी काय म्हणावं? आवं, तुमी पाळक हाय न्हवं!"

"तू घेशील तेव्हा मी घेईन," मामा म्हणाले.

आत्यांनी त्यांच्याकडं बघितलं. मग हात पुढं केला. मामांनी प्रभुभोजनाची भाकरी आणून तुकडा मोडून दिला. आत्यांनी तो तोंडात घातला, पण डोळे मिटले ते घट्ट, कडू औषध घेताना मिटतात तसे. त्यांनी तो प्रभूसाठी घेतला की नवऱ्यासाठी, हे विचारायचं धाडस मला झालं नाही.

थंडी सरता सरता त्या गेल्या. शेवटची आंघोळ घालायला मंडळीतल्या दोन बायका आल्या, पण चादर बाजूला करताच रक्त बघून मागं सरल्या. मी पदर खोचला आणि एकटीनंच त्यांना धुतलं. बाहेर मामांचा प्रार्थनेचा आवाज येत होता. मध्येच हुंदक्यानं तो थांबला आणि प्रार्थना पुन्हा सुरू झालीच नाही.