मिरचीच्या गोदामातील चित्रे

महाराष्ट्र राज्य झाले त्या वर्षी, दिवाळी संपताच, नंदुरबारचे मिरचीचे व्यापारी झुंबरलालशेठ यांनी आपले गोदाम रिकामे करून त्यात समकालीन चित्रांचे संग्रहालय उघडले. चित्रे नऊ होती. सर्व त्यांनी मुंबईच्या फेऱ्यांत विकत घेतली होती. मी तेव्हा एका साप्ताहिकाला बातम्या पाठवीत असे. उद्घाटनाची बातमी चार ओळींची झाली.

शेठ चित्राची पारख मिरचीसारखी करीत. प्रथम उजेडात धरून रंग पाहत, मग जवळ जाऊन वास घेत. एका निळ्या चित्राबद्दल त्यांनी मला गंभीरपणे सांगितले की माल चांगला आहे, पण ओल राहिली आहे. चित्राचा अर्थ विचारणाऱ्याला त्यांचे उत्तर ठरलेले असे. घरी मारवाडी बोलणारे शेठ ते गिऱ्हाइकांच्या अहिराणीत देत : "समजानं नही, देखानं. मिरची कोनी समजीसन खास का?" मिरची समजून कोण खातो, असा त्यांचा सवाल.

गोदाम दोघा भावांचे होते. धाकट्या धनराजने अट घातली. मुंबईचा एखादा नावाजलेला चित्रकार इथे येऊन नोंदवहीत 'हे संग्रहालय आहे' असे लिहून गेला, तर गोदाम भाईजींचे, म्हणजे थोरल्या शेठचे. नाहीतर पौषात पोती आत. तोवर वहीत एकच शेरा होता, तळोद्याच्या एका शिक्षकाचा : "सर्व पाहिले. प्रकृती ठीक."

शेठनी सहा पत्रे लिहिल्यावर एक चित्रकार आले. त्यांच्यासाठी छताला पंखा बसवला होता. गोदाम तीनदा धुतले होते, पण आढ्यावर कोणी चढले नव्हते. वर्षानुवर्षांची मिरचीची पूड तिथेच होती.

पाहुणे दारात पोचले तेव्हा प्रकाशा गावाकडून बाजाराला आलेल्या सात-आठ बाया आत मोठ्या लाल चित्रापुढे उभ्या होत्या. शेठनी पंखा लावला. थोड्याच वेळात सगळ्या पदराने डोळे पुसू लागल्या. चित्रकार जागच्या जागी थांबले. बाहेर पडणाऱ्या एकीला त्यांनी हळूच विचारले, काय झाले?

"लाल शे ना, भाऊ," ती म्हणाली. "डोयामा जास."

मुंबईत आपल्या कामाविषयी इतके नेमके कोणी बोलले नाही, असे चित्रकारांनी मला सांगितले. ते चित्र त्यांचेच होते. त्यांनी नोंदवही मागितली, पेनचे टोपण काढले. धनराज शेजारी उभा होता. शेठनी वहीवर हात ठेवला.

"साहेब, लिहू नका. मिरची आहे."

"बरोबर. अस्सल मिरचीचाच लाल आहे तो."

"रंग नव्हे, साहेब. मिरची. आढ्यावर."

भाईजींना वेड लागले आहे का, असे धनराजने मारवाडीत विचारले. फिका माल तेज म्हणून आपल्या पेढीने कधी विकला नाही, असे शेठ म्हणाले.

चित्रकार आत गेले. अकरा शिंका बाहेर ऐकू आल्या. नाक पुसत परत येऊन त्यांनी लिहिले : "या संग्रहालयात मला रडू आले. त्याचे कारण मालकांनी आधीच सांगितले होते."

धनराजने ते दोनदा वाचले. 'संग्रहालय' या शब्दावर बोट ठेवून त्याने मला विचारले, हे धरायचे का? शब्द लिहिलेला आहे, एवढे मी सांगितले.

पौषात गाड्या आल्या. पोती धनराजच्या बैठकीत उतरली.