पडद्याच्या मांगं डफडं

अमरावतीच्या कॉलेजात माह्या डफड्यावर सिनेमा चालला. मी मातर पडद्याच्या मांगं, तुटक्या खुर्च्यायच्या ढिगात बसलो होतो.

तिथले एक सर पीएचडीवाल्या डाक्टरकीसाठी अभ्यास करून राहिले होते. सिनेमा काढणारा आन संगीत देणारा मिळून काम कसं करते, हा त्यायचा विषय. सिनेमा त्यायनं काढला, संगीत द्याले पातूरहून मले आणलं. म्हणले, पडद्याच्या मांगं बसायचं, आंधी चित्र पाहायचं नाही, वाजवण्यात ताजेपणा पाहिजे. लाल बत्ती लागली का जोरात वाजवायचं. मी म्हटलं, हाव जी. साहेब दिसला का मी आंधी हाव जी म्हणतो, मंग आयकतो.

अंधार. चुकलो तं सराची डिगरी बुडीन, आन मले पुन्हा कोन बलावते?

बत्ती लागली. जोरात म्हणजे आमच्यात वरात. वरातीचा ठेका धरला. पलीकडं लोकं हासले. मले वाटलं, खूश झाले. मी अजून चढवला.

हासणं थांबेना. पडद्याची कड धरून डोकं बाहेर काढलं. सिनेमात म्हाताऱ्याची तिरडी निघाली होती. त्याची बायको ऊर बडवून राहिली होती. आन कॉलेजचे पोट्टे माह्या ठेक्यावर मांड्या ठोकत होते.

मयताचा ठेका वेगळा. बापानं मले तोच पह्यले शिकवला होता. मी मेलेल्याले नाचवलं.

सर माईकवर, त्यायची डिगरी तपासाले आलेल्या परीक्षकायले म्हणले, "समजून घ्या. अशिक्षित आहे. सांगूनही कळत नाही याला."

अशिक्षित हे खरं. शाळेत मी खिचडीपुरता गेलो. पण सांगून? काय सांगतलं होतं मले?

"आत जा. पुन्हा सुरू कर," सर मले म्हणले.

डफडं घेऊन पुढं आलो आन परीक्षकायच्या बाजूच्या खुर्चीत बसलो. बसलो म्हणजे, उभं राहणं होत नोतं.

"आंधी चित्र दाखवा." आवाज बकरीवानी निघाला. "पाह्यल्याबिगर वाजवत नाही."

सर दटावून राहिले. पुन्हा काम भेटणार नाही म्हणले. मी मान खाली घातली. उठलो नाही. परीक्षक चहाले गेले. चित्र कोनी दाखवलंच नाही.

अकोल्याच्या यष्टीतही गेलेल्या कामाचा हिशोब करत होतो. पण ठरलं ते ठरलं. जे मले दाखवत नाही, त्याले मी वाजवत नाही. भेव लागो, काम जावो.

घरी बायकोले सारं सांगतलं, जरा वाढवूनच. तिनं भाकर थापता थापता इचारलं, "एवढे वाघ होते तं आंधी मांगं जाऊन बसले कावून?"